गोळ्या कोण देत होतं?

भूतबित, करणीबिरणी ऐकलं की माझं डोकं फिरतं. शहापूरला शाळेत विज्ञान शिकवते मी, राहते आटगावला. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण कुणाला तरी सांगायलाच हवं.

माझा धाकटा भाऊ विलास. माहेर मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या आतल्या बाजूला. विलासला एचआयव्ही, त्यात बुरशीमुळे मेंदूज्वर झाला. त्याची बायको सुनी याच आजाराने आधीच गेली होती. मोठ्या दवाखान्यात इंजेक्शनं झाली, तो शुद्धीवर आला. मग काही आठवड्यांनी बुरशीच्या गोळ्यांसोबत एचआयव्हीच्याही सुरू झाल्या. पाय लुळे पडले होते, पण माणूस हाती लागला होता!

घरी आल्यावर गोळी घेतली की उलट्या व्हायच्या. आई घाबरून भगताकडे गेली. त्याने तांदूळ पाहून सांगितलं — पाळणूक, म्हणजे त्याने घातलेलं पथ्य, संपेपर्यंत बाहेरचं औषध बंद. सगळ्या गोळ्या फडक्यात बांधल्या, वर काळ्या दोऱ्याची गाठ मारली आणि गाठोडं आढ्याला टांगलं. ती गाठ घरच्यांनी सोडायची नाही. मला यातलं काहीच कळवलं नाही. कळवलं असतं तर मी त्या भगतालाच टांगलं असतं.

एके दिवशी आईचा फोन आला. विलास डोकं धरून ओरडतोय, दिसत नाय म्हणतोय. मी धावत गेले, गाठोडं पाहिलं, आईला नको नको ते बोलले. ते गाठोडं तसंच काढून घेतलं आणि विलासला नि आईला जीपमध्ये घातलं.

त्याच मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमचा पहिला प्रश्न — गोळ्या चुकल्या का?

"बंद असतील तर बुरशी परतली," त्या म्हणाल्या. "चालू असतील तर उलटं असू शकतं. एचआयव्हीच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती परत येते आणि मेलेल्या बुरशीवरच तुटून पडते, मेंदूला सूज येते. त्रास दोन्हीत सारखाच, औषध मात्र वेगळं. बुरशी जिवंत असताना सुजेचं औषध दिलं तर हा हातचा जाईल."

बंद होत्या, मी शपथेवर सांगितलं. त्यांनी पाठीतून पाणी काढून तपासायला पाठवलं आणि पुन्हा बुरशीवरची इंजेक्शनं सुरू केली. विलासला उतार पडेना.

रिपोर्ट आले आणि मॅडम माझ्यावरच भडकल्या. "खोटं का सांगितलंत? रक्तात विषाणू जवळजवळ नाही, प्रतिकारशक्ती वाढलीय, पाण्यात बुरशी उगवतच नाही. हा माणूस रोज गोळ्या घेत होता!"

मी पिशवीतलं गाठोडं त्यांच्या टेबलावर आपटलं. गाठ जशीच्या तशी होती, ती मीच कात्रीने कापली. आत डबी, पाकिटं... रोज घेतल्या असत्या तर गोळ्या जेवढ्या संपायला हव्या होत्या, तेवढ्या संपलेल्या.

आई टेबलापासून मागे सरकली. "देवाशप्पथ गो, मी येक गोळी दिली नाय. ती गाठ सोडायची छाती व्हती का माजी?"

आम्ही वॉर्डात जाऊन विलासलाच विचारलं. त्याने डोळे मिटूनच सांगितलं, "सुनी देते ना. रोज, जेवल्यावर."

सुजेचं औषध सुरू झालं. विलास वाचला. डोळे मात्र गेले ते गेलेच.

मॅडम म्हणतात, आजारात माणूस काहीही बरळतो, घरातल्याच कुणीतरी दिल्या असतील. घरात कोण? हा लुळा, आणि आई, जिला अक्षर वाचता येत नाही. तरी माझा संशय आईवरच जातो, जायलाच हवा. पण ती गाठ? मला अजून काहीही उलगडलेलं नाही. भीती नाही वाटत, सुनीची आठवण आली की नुसतं रडू येतं.

विलास आता माझ्याकडे असतो. पहिल्या दिवशी मी त्याच्या तळहातावर गोळी ठेवली, तेव्हा त्याने माझी बोटं चाचपली. बराच वेळ धरून ठेवली.

"ताय," तो म्हणाला, "तुजा हात गरम हाय गो."