बारा अक्षरांची तपासणी

मापवाल्या मावशींचा तीस वर्षांचा शिरस्ता होता: काय शिवायचं ते गिऱ्हाइकाच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय कात्री उचलायची नाही. त्याच मावशी आज डॉक्टरांच्या कागदावर सही करीनात. दोन महिने पोट जळत होतं, सकाळपासून उपाशी होत्या, तरी पेनला हात लावीनात. कागदावर छापलं होतं, इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी.

"पोटात कॅमेरा घालतात हो, बाकी काही नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग तेवढंच का नाही छापलंत?"

"आई, करा ना सही," सून कुजबुजली. "मागे लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. दाढेच्या वेळी अशीच सही केली. दुखत होती एक, गेल्या दोन. जे मला म्हणता येत नाही, ते माझ्या पोटात जाणार नाही."

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत घेतलं. मावशींनी बाकावर बसून पिशवीतला शिवणाचा खडू काढला. अक्षरं भरली बारा. हाताच्या सवयीनं त्यांनी कागदावरच्या नावावर खुणा मारून सारखे चार भाग पाडले. इसोफॅ. गोगॅस्ट्रो. ड्युओडे. नोस्कोपी. दुसऱ्याच तुकड्याला जीभ अशी काही अडकली, की शेजारचे आजोबा जरा सरकूनच बसले.

सिस्टरला राहवेना. "मावशी, बाही काय मधूनच कापता? शिवण आहे तिथं उसवा. इसोफॅगो, म्हणजे अन्ननलिका. गॅस्ट्रो, जठर. ड्युओडेनो, आतड्याची सुरुवात. स्कोपी, आत बघणं."

मावशींनी खुणा बोटानं पुसल्या, नव्या मारल्या आणि घोकायला बसल्या. तीन पेशंट आत जाऊन आले. सुनेलाही पाठ झालं.

चौथ्यांदा दार उघडलं तशा त्या उठल्या आणि सगळं नाव न अडखळता डॉक्टरांना ऐकवलं. "म्हणजे जागा तीन. तिन्ही बघणार?"

"बघणार."

"आणा पेन."

घशात औषध मारलं, तोंडात नळी गेली, मावशींची बोलती बंद झाली. डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "अन्ननलिका ठीक. जठराला सूज आहे, तेच जळतंय. सापडलं कारण. काढू या बाहेर."

मावशींनी तीन बोटं वर केली.

"अहो मावशी, सापडलं म्हटलं ना."

बोटं तशीच. सिस्टर खाली बघून हसू दाबत होती. डॉक्टरांनी सुस्कारा टाकला, नळी पुढे सरकवली आणि म्हणाले, "हं, हे ड्युओडेनो."

तेव्हा कुठे हात खाली आला.