होल्डवर ठेवलेला पणजोबा

मुळे साहेबांनी मला फसवलं. हे आधी स्वच्छ शब्दांत सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याविषयी चार चांगल्या गोष्टीही लिहिणार आहे आणि त्या वाचून कुणी मूळ मुद्दा विसरायला नको. कुरुळीत माझा लाकडी खोक्यांचा कारखाना आहे. चाकणच्या कंपन्यांचे सुटे भाग त्या खोक्यांतून परदेशी जातात. लाकूडवाले, ट्रकवाले, कंपन्यांचे खरेदी अधिकारी, सगळ्यांशी घासाघीस करत मी उभा राहिलो. मला फसवणारा अजून जन्मायचाय, असं मी बायकोला सांगायचो. तो जन्मला होता, पिंपळे गुरवला राहत होता आणि माझ्याकडून चहापलीकडे काही घेत नव्हता.

मुळे साहेब मूळचे परभणीकडचे. पिंपरीतल्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. निवृत्त झाल्यावर ते मोडी लिपी शिकले, आणि जुन्या नोंदी शोधणाऱ्यांची त्यांच्या दारात रीघ लागली. माणसं पिशव्यांमधून पिवळे पडलेले कागद घेऊन जिन्यावर बसलेली असत. साहेब कागद हातात घेत, भिंग लावत आणि वाचून झालं की त्याला दोऱ्याने एक लेबल बांधत. कारखान्यातलीच सवय. हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळं म्हणजे होल्ड. एकदा एका माणसाने घाईत पिवळं लेबल तोडून कागद उचलला, तेव्हा साहेबांनी त्याच्या हातातून तो परत घेतला होता. म्हणाले, "ज्यानं होल्ड लावला त्यानंच काढायचा. मधी मोठा साहेब आला तरी हात लावायचा नसतंय."

माझं प्रकरण असं होतं. आम्ही मूळचे मालवणकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. माझे पणजोबा रामजी बोटीवर खलाशी होते. ते दर्यावर गेले ते परतले नाहीत. आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलो की पणजोबांचे धाकटे भाऊ भिकाजी यांनी त्यांना घाईघाईने मेलेलं ठरवलं, आणि खाडीकाठची जागा गिळली. माझे आजोबा गोविंद तेव्हा नुकते मिसरूड फुटलेले. त्यांच्या हाती काही लागलं नाही. त्या जागेवर तेव्हा भिकाजींचा नातू सदूदादा राहत होता. मला जागा हवी होती असंही नाही; कुरुळीत मी त्याच्या दसपट जागा घेतली आहे. मला भावकीसमोर कागद आपटायचा होता.

साहेबांनी मेहनतान्याचा विषयच काढू दिला नाही. फुकट माल घेताना मला नेहमी भीती वाटते, म्हणून मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी एकच अट घातली. म्हणाले, "जे निघंल ते घ्यावं लागतंय, नाखवाशेठ. सापडलेलं परत जागेवर ठेवता येत नसतंय." मी खलाशाचा पणतू म्हणून ते मला थट्टेने नाखवाशेठ म्हणत. मी म्हटलं, जागेपुरतं शोधा, बाकीचं राहू द्या. ते हसले आणि म्हणाले की अर्धं माप त्यांनी आयुष्यात घेतलेलं नाही.

पहिल्यांदा ते रहाटणीला माझ्या घरी आले ते आईच्या पत्र्याच्या पेटीतले कागद बघायला. बेल वाजली. आम्ही कुणी उठलो नाही. दुसऱ्यांदा वाजली. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा बायको गेली. साहेब आत येऊन खुर्चीवर बसले आणि त्यांनी आधी कागद मागितले नाहीत, बेल बिघडली आहे का असं विचारलं. मी हसत सांगितलं, की आमच्याकडे तिसऱ्या हाकेलाच दार उघडतात. आजोबांची शिस्त. मेलेला माणूस दोनदाच हाक मारतो, तिसरी हाक जित्या माणसाची, असं ते म्हणत. या शिस्तीपायी कुरिअरवाले किती वेळा परत गेले, ते बायकोने सांगितलं. तिच्या माहेरचे लोक तर बेल सलग तीनदाच दाबतात.

साहेब हसले नाहीत. ही शिस्त आजोबांचीच, की त्यांच्याही आधीपासूनची, असं त्यांनी विचारलं. मी आठवून सांगितलं, की आजी म्हणायची, ती लग्न होऊन आली तेव्हा घरात असलं काही नव्हतं, नंतर सुरू झालं. त्यांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. यात लिहिण्यासारखं काय आहे, असं मी म्हणालो.

"माप घेतलं की लिहायचं असतंय," ते म्हणाले. "उपयोग मागून कळतो."

पेटीत एक मोडी पत्र निघालं. पणजोबांनी कुठल्याशा बंदरातून दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. चिरंजीव गोविंद यास आशीर्वाद. घर सोडून सहावं वर्ष लागलं. आधीची बोट फुटली, पण वाचलो, आता दुसऱ्या बोटीवर आहे. सुटका झाली की येईन. माझी आत्या सांगायची, की पणजोबांच्या उजव्या दंडावर गलबत गोंदलेलं होतं. ते पत्र ऐकताना मला तो दंड दिसायला लागला, आणि डोकं तापलं. माणूस जिवंत होता, आणि भावाने त्याला मारून टाकलं होतं.

साहेब मात्र पत्राची घडी निरखत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, की पत्र आलं ते तुमच्याच पेटीत कसं राहिलं? म्हणजे घरात कुणीतरी ते वाचलं होतं. मी भडकलो. म्हटलं, आमचे आजोबा तेव्हा पोर होते, त्यांना काय कळणार? तुम्ही कुणाच्या बाजूने शोधताय? त्यांनी पत्राला हिरवं लेबल बांधलं.

नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे आमच्या घराण्याची वही आहे, हे त्यांनीच शोधून काढलं. मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो. वाटेत त्यांनी मला सांगितलं, की दर्यावर गेलेला माणूस बारा वर्षं परतला नाही, तरच त्याचा दर्भाचा पुतळा करून जाळायचा, तोवर नाही. आणि तेरा वर्षांनी तो दारात उभा राहिला तर? मी विचारलं. साहेब म्हणाले, त्यालाही विधी आहे. त्याचं नव्याने बारसं करायचं, पुन्हा नाव ठेवायचं आणि घरात घ्यायचं.

"म्हंजे शास्त्रानं बी वाट ठेवलीय बगा," ते म्हणाले. "परत यायची वाट कुणी बंद करत नसतंय. माणसंच करतात."

उपाध्यायांनी लाल कापडातली वही सोडली. साहेबांनी भिंग लावलं. त्यांनी वाचलं: रामजी, दर्यात बेपत्ता. चौथे वर्षी पुतळा करून क्रिया केली. एवढं वाचून ते थांबले. खाली अजून एक ओळ होती, हे मला मोडी येत नसूनही दिसत होतं. मी बोट ठेवून विचारलं. त्यांनी भिंग खिशात घातलं आणि म्हणाले, "खालची ओळ पुसट हाय. होल्ड." मग त्यांनी पानाचा फोटो काढला. परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत ते फोनवरचा तो फोटो बघत राहिले. मीच बोलत होतो. चौथं वर्ष. सहाव्या वर्षी माणूस पत्र लिहितोय, आणि याने चौथ्या वर्षी पुतळा जाळला. मला पुरावा मिळाला होता. ती ओळ मला नकोच होती.

गणपतीत सगळी भावकी गावी जमते. मी निघालो तेव्हा साहेबांनी दोनदा फोन केला. कामून घाई करायलाव, असं त्यांनी विचारलं, ओळ वाचून होऊ द्या म्हणाले. मी ऐकलं नाही. आरती झाल्यावर सगळ्यांसमोर मी सदूदादाला उभं केलं. त्याच्या आजोबाला चोर म्हटलं. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस, हातात प्रसादाची वाटी. मी ओरडत होतो आणि तो ऐकत होता. त्याचा मुलगा पुढे आला तर त्याने त्यालाच मागे सारलं. माझं संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "इष्णू, तुमच्या घरात अजून तिसऱ्या हाकेकच दार उघडतत काय रे?"

मला तो टोमणा वाटला. मी वाटी उडवली आणि त्याच पावली गाडीत बसलो.

हे मी मुळे साहेबांना सांगितलं तेव्हा ते उन्हात खुर्ची टाकून बसले होते. सदूदादाचं ते वाक्य त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. दुसऱ्या आठवड्यात मला न सांगता ते एसटीने मालवणकडे गेले. परत आले ते खंगलेले. काय सापडलं विचारलं तर म्हणाले, एक माप घेतलंय, दुसरं जुळवायचंय, होल्डवर आहे. मी दर आठवड्याला जायचो. दर आठवड्याला तेच उत्तर. एकदा त्यांनी विचारलं, की सदूदादांना फोन केला होता का? मी म्हटलं, चोराला मी फोन करत नाही. त्यांनी मान हलवली आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला. त्या दिवशी टेबलावर एक जाड फाइल होती, पिवळ्या लेबलाची. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर.

चार महिन्यांनी सदूदादा गेला. भावकीचा फोन आला. मी गेलो नाही. सुतकही पाळलं नाही. बायको म्हणाली, निदान अंघोळ तरी करा. तेही केलं नाही. साहेबांना हे सांगायला गेलो, जिंकल्यासारखा. ते मग म्हणाले की चूक त्यांची स्वतःची झाली. कसली चूक ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर दीड महिन्यात तेही गेले. भेटायला गेलो तर त्यांच्या मुलीने, सुनंदाताईंनी, ती फाइल माझ्यासमोर ठेवली. बाबांनी तुमचं नाव लिहून ठेवलंय म्हणाल्या. लेबल तसंच होतं. त्यावर साहेबांच्या तपासनिसाच्या अक्षरात दोन ओळी होत्या: माल बरोबर. घेणारा तयार नाही.

आत नाशिकच्या वहीचा फोटो होता. खालची ओळ पुसट बिलकूल नव्हती. शाई वरच्या ओळींइतकीच काळी. साहेबांनी समासात तिचं देवनागरी करून ठेवलं होतं: क्रिया करणार, पुत्र गोविंद, स्वहस्ते.

भिकाजी नव्हे. माझे आजोबा.

त्याखाली खाडीकाठच्या जागेच्या खरेदीखताची नक्कल. रामजी मयत, वारस गोविंद याने जागा चुलत्यास विकली. पोर नव्हता तो. सही ठसठशीत होती. मग गावच्या जन्ममृत्यूच्या वहीतला उतारा: अनोळखी खलाशी, होडीच्या तरीवरील खोपीत मयत. उजव्या दंडावर गलबत गोंदलेले. अग्नी भिकाजीने दिला.

शेवटी सदूदादाशी झालेलं बोलणं, साहेबांनी तारीखवार लिहिलेलं. सदूदादाने त्याच्या आजोबांकडून ऐकलेलं. नवव्या वर्षी दिवेलागणीला एक माणूस माझ्या आजोबांच्या अंगणात येऊन उभा राहिला. त्याने गोविंदाला हाक मारली. आत दिवा होता. त्याने दुसरी हाक मारली. दार उघडलं असतं तर माणूस जिवंत ठरला असता, विक्री खोटी ठरली असती, आणि सहाव्या वर्षीचं ते पत्र कुणी दाबलं ते विचारलं गेलं असतं. त्याने तिसरी हाक मारली. तिसऱ्या हाकेला आतला दिवा विझला.

भिकाजीने त्याला ओळखलं, घरी चल म्हटलं, जागा परत घे म्हटलं. तो म्हणाला, मुलाने जाळलंय मला, आता कुणाच्या घरी येऊ? आणि तरीच्या खोपीत राहिला, मरेपर्यंत. भिकाजीच्या घरचं ताट तिथे जात होतं. त्या घराने हे तीन पिढ्या कुणाला सांगितलं नाही, आमची अब्रू जाईल म्हणून. साहेबांच्या टिपणाची शेवटची ओळ सदूदादाच्या शब्दांत होती: "तेका सांगू नकात. तो तापट आसा. तेका सोसूचा नाय."

आता माझा हिशोब ऐका, मुळे साहेब. तुम्ही मापं तपासायचीत. मला तपासायचं काम तुम्हाला कुणी दिलं होतं? नाशिकच्या गादीवर तुम्ही ती ओळ वाचली असतीत तर मी तिथेच तुमची गचांडी धरली असती, उपाध्यायांची वही फेकली असती, आठ दिवस जेवलो नसतो. पण गणपतीत मी तोंड उघडलं नसतं. तुम्ही एसटीतून उतरल्यावर तरी सांगायचं होतं. त्यानंतर सदूदादा चार महिने जिवंत होता. चार महिने कागद तुमच्या टेबलावर होता आणि तो तिकडे खाडीकाठी होता, आणि मी मधे तुमचा चहा पीत बसलो होतो. मी तापट आहे हे सगळ्या चाकणला ठाऊक आहे. मी पाय धरायला गेलो असतो हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, कारण ते माप तुम्ही घेतलंच नाहीत.

यंदा सर्वपित्रीला मी आजोबांचं पान वाढलं नाही. रामजींचं वाढलं, सदूदादाचं वाढलं. आजोबांनी आधी सांगावं, दिवा कुणी विझवला.

फाइलचं पिवळं लेबल मी तोडलेलं नाही. ज्याने होल्ड लावला त्यानेच काढायचा, हा नियम तुमचा. तेव्हा या, साहेब, आणि उत्तर द्या. बेल एकदाच वाजवा. मी पहिल्या हाकेला दार उघडतो आता.