दुसरी मूठ

माझ्या सख्ख्या बहिणीची बातमी मला मार्थाबाईंच्या तोंडून कळावी, याचं मला अजून वाईट वाटतं. गुरुवारची दुपार होती. दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात आंबील वाटता वाटता कमल खाली बसली ती पुन्हा उठली नाही. मी तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर, बिदरच्याच मैलूर भागातल्या घरात डाळ निवडत बसलेली. 'अक्का, लगेच या,' असा मार्थाबाईंचा फोन आला. जाऊन बघते तर चर्चच्या बायका तिला वेढून बसलेल्या. एकीने डोकं मांडीवर घेतलेलं, एकीने पाय धरलेले, आणि मला टेकायला जागा नाही. मार्थाबाई सरकल्या, 'या, इथं बसा' म्हणाल्या. माझ्या मनात आलं, माझ्या बहिणीजवळ मला जागा देणारी ही कोण? दीड महिना झाला या गोष्टीला. भेटायला येणारे विचारतात, दुःख थोडं ओसरलं का? दुःखाचं मला सांगता येत नाही, जळफळाट मात्र आहे तसाच आहे, आणि तो अठ्ठावीस वर्षं जुना आहे.

आम्ही निंबर्ग्याच्या. अप्पांनी मला शिकवलं, मी बिदरला मास्तरीण झाले. कमल माझ्याहून बारा वर्षांनी लहान, तिला मात्र विशीच्या आतच उजवून टाकलं. नवरा मारकुटा निघाला. पोटातलं पाच महिन्यांचं लेकरू त्याच्या लाथेनं गेलं, आणि त्यानंतर आठ दिवसांनी ती नेसत्या लुगड्यानिशी बस बदलत बदलत माझ्या दारात येऊन उभी राहिली. यजमान जाऊन तीन वर्षं झालेली, घरात मी एकटी. मी तिला न्हाऊ घातलं, शेकलं, एका कानाने ऐकू येईना म्हणून डॉक्टरकडे नेलं. शाळेत जाण्याआधी तिची भाकरी करून झाकून ठेवायची. दोन वर्षांत ती 'व्हय' आणि 'न्हाई' यापुढे गेली नाही. 'विसर की गं आता, कामून तेच तेच आठवायलीस?' असं मी म्हणायची, ती मान हलवायची. शेजारच्या गंगाबाई विचारायच्या, बहीण कधी आली? मी सांगायची, सुट्टीला आलीय. दोन दिवाळ्या झाल्या तरी माझं उत्तर तेच.

मागच्या गल्लीत मार्थाबाई शिवण शिकवायच्या. कमल जाऊ लागली. मला बरंच वाटलं, हाताला काम लागलं म्हणून. मग ती रविवारी त्यांच्याबरोबर चर्चलाही जाऊ लागली, आणि चार महिन्यांनी एका सकाळी स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू आलं... दोन वर्षं मुकी झालेली माझी बहीण भाकरी थापता थापता चर्चमधलं गाणं म्हणत होती. दुसरी कुणी असती तर आनंदाने रडली असती. मी आत जाऊन भांडी आदळली. दोन वर्षं मी राबले आणि गाणं त्यांनी नेलं, असंच मला वाटलं. पुढे तिने बाप्तिस्मा घेतला. गावाकडच्यांनी बोलणं टाकलं, पण त्याचं मला काही नव्हतं. ज्याला जो देव पावेल तो. मला झोंबायचं ते एवढंच की तो माझ्या घरात नाही पावला.

मुठीचं तेव्हाच सुरू झालं. त्या बायकांची रीत अशी की भाकरीला पीठ घेतलं की त्यातली मूठ आधी वेगळ्या डब्यात टाकायची. शनिवारी सगळ्यांचे डबे गोळा व्हायचे आणि गुरुवारी त्या पिठाची आंबील दवाखान्यात जायची, ज्यांच्याजवळ बसायला कुणी नाही अशा बायांसाठी. मी म्हटलं, 'वा गं वा, पीठ माझं आन् पुण्य तुमचं!' ती हसली. 'माझी भाकर लहान करते की, अक्का.' आणि खरंच केली. माझ्या भाकरीशेजारी तिची भाकरी लेकराला करून दिल्यासारखी दिसायची. पुढे शिवणाचे पैसे आले, ज्वारी ती स्वतः आणू लागली, तरी भाकरी तेवढीच.

एकदाच मी तिच्याबरोबर चर्चमध्ये गेले. त्यांच्यात साक्ष देतात, म्हणजे आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. कमल उठली. लाथ, लेकरू, कान, सगळं भर सभेत सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग म्हणाली, 'त्या दिवसांत मला कुणी नव्हतं, येशूनं माझा हात धरला.' मी तशीच उठले आणि घरी आले. ती आल्याबरोबर दारातच विचारलं, 'कुणी नव्हतं? मग मी कोण होते गं? न्हाऊ कुणी घातलं तुला?'

'तूच घातलंस, अक्का.'

'मग तिथं सांगायला जीभ झडली का?'

ती खाली बसली. म्हणाली, 'तू लोकांना काय सांगायचीस? सुट्टीला आलीय म्हणून. माझं लेकरू मेलं हुतं आन् मी तुझ्या घरी सुट्टीवर हुते. रडायला लागले की तू दार लावून घ्यायचीस. तिथं पहिल्यांदा कुणीतरी म्हणलं, सांग बाई, आम्ही बसलोय.'

'तुझ्या अब्रूसाठीच केलं ते मी.'

'माझ्या, का तुझ्या?' हे ती रागाने बोलली नाही. बोलून उठली आणि संध्याकाळच्या भाकरीला पीठ काढू लागली. त्यावर आम्ही परत कधी बोललो नाही.

त्यानंतरचे सगळे गुरुवार तिने दवाखान्याला दिले. भाजलेल्या, मार खाल्लेल्या, टाकलेल्या बायांच्या उशाशी ती तासन् तास बसायची. त्या अनोळखी बायांचा मी किती हेवा केला म्हणून सांगू! माझ्याशी बोलायचं ते भाजीचं नाहीतर गॅस संपल्याचं. एका गुरुवारी मी मुद्दाम 'छातीत कसंतरी व्हायलंय' म्हणून पडून राहिले. ती बसली की जवळ, पाठ चोळत बसली. पण दहा वाजले तशी तिची नजर घड्याळाकडे जाऊ लागली. चिडून म्हटलं, 'जा बाई, जा तुझ्या बायांकडं.' तर खरंच गेली! माझं सोंग तिने केव्हाच ओळखलं होतं.

ती गेल्यावर तिसऱ्या शनिवारी मार्थाबाई आल्या. मी फळीवरचा तिचा डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. 'घेऊन जा तुमचं.'

त्या म्हणाल्या, 'अक्का, यात अर्धं तुमचं हाय.'

'माझं? मी कधी चिमूट टाकली न्हाई.'

'कमल दोन मुठी टाकायची. पहिली अक्काची म्हणायची, मग आपली. आम्ही विचारलं, त्या तर येत न्हाईत, मग कामून? तर म्हणाली, पहिलं पीठ तिचंच हुतं.'

म्हणून भाकरी एवढी लहान... एका मुठीने एवढा फरक पडत नाही, हे आयुष्यभर भाकऱ्या थापणाऱ्या मला कळू नये! मला रडू आलं, आणि रडतानाही मनातून जळलेच. हे मार्थाबाईंना ठाऊक, सगळ्या चर्चला ठाऊक, आणि मलाच नाही! मला का नाही सांगितलंस गं, कमल? पण सांगणाऱ्याला मी कधी बसू दिलं होतं? पीठ मार्थाबाईंच्या पिशवीत ओतून दिलं. डबा मात्र ठेवून घेतला.

परवा सकाळी परातीत पीठ घेतलं आणि हात थांबला. एक मूठ डब्यात टाकली. 'ही कमलची,' मी मोठ्याने म्हणाले. खिडकीपलीकडे गंगाबाई कपडे वाळत घालत होत्या. हळहळून म्हणाल्या, 'सुट्टीला म्हणून आल्या आन् इथल्याच होऊन गेल्या बगा कमलताई.'

तीस वर्षं मी त्या बाईला हेच ऐकवलं होतं. मी खिडकीशी गेले. म्हटलं, 'सुट्टीला न्हवती आली, गंगाबाई. नवऱ्यानं लाथ घालून तिचं पोटातलं लेकरू मारलं म्हणून आली हुती. मी तुमच्याशी खोटं बोलले.'

त्यांच्या हातातला पिळा तसाच राहिला. मग तो बादलीत टाकून त्या म्हणाल्या, 'थांबा, मी येते. बसून सांगा.'

त्या येईपर्यंत मी दुसरी मूठ टाकली. भाकरी लहानच झाली.