कचऱ्याच्या डब्यांकडचं दार

माझ्या नवऱ्याला कॅसिनोच्या मागच्या दाराने बाहेर काढलं, कचऱ्याच्या डब्यांमधून. रविवारची दुपार होती. हे पत्त्यांच्या टेबलावरच गेले. इंग्लंडमधल्या या समुद्रकाठच्या गावात माझं गेस्टहाउस कॅसिनोच्या समोरच, मी धावत गेले तर मॅनेजर म्हणाला, "मॅडम, पुढून नको. लोक खेळतायत." आमच्यात माणूस शेवटचा निघतो तो पुढच्या दाराने, आणि बाकीचे उठून उभे राहतात. तिथे कुणी मानही वर केली नाही. स्ट्रेचर जाईना म्हणून डबे मीच सरकवले.

हे काही देवमाणूस नव्हते. जुगारी होते. पण जुगाऱ्यालाही पुढचं दार असतं.

त्यानंतर मी त्या कॅसिनोचं रोज वाईट चिंतलं, दात घासतानासुद्धा. ते झालंही. माझ्यामुळे नाही, लोक फोनवर खेळायला लागले. आधी टुरिस्टांच्या बस बंद झाल्या, मग पाटीवरचे दिवे गेले, मग पायऱ्यांवर सीगल बसायला लागले. आसपासची हॉटेलं बंद पडली. माझं चाललं, कारण कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, बेघर माणसं राहायला पाठवायची. गावाला हळहळ वाटली. मला नाही.

एक दिवस कौन्सिलने तोच मॅनेजर पाठवला. म्हातारा, हातात एक पिशवी. मला पाहून चेहऱ्यावर काही हललं नाही.

मी म्हटलं, "खोली आहे. पण यायचं-जायचं मागच्या दाराने. डबे आहेत तिकडून."

"का?"

"आठवलं की सॉरी म्हणा. मग पुढचं उघडीन."

रोज नाश्त्याला विचारायची, आठवलं का. तो टोस्टला लोणी लावत म्हणायचा, "अंडं छान झालंय."

माझी मुलगी साउथहॅम्प्टनला नर्स आहे. ती म्हणायची, "आई, दॅट्स क्रुएल. ही इज सो ओल्ड."

"मग मी काय कुक्कुबाळ आहे?"

हिवाळ्यात एका सकाळी तो आपणहून बोलला. "निळ्या स्वेटरचा माणूस. पहिल्या दिवसापासून आठवत होतं मला. पुढून नेला असता तर सगळे उठून गेले असते."

तो स्वेटर मी विणला होता. मी म्हटलं, "सॉरी म्हणा."

"तेव्हा मी बरोबरच केलं," तो म्हणाला. कोट घातला आणि मागच्या दाराने फिरायला गेला.

थंडी सरायच्या आत तो झोपेतच गेला. फ्युनरलवाले आले. एकजण म्हणाला, पुढचं दार रुंद आहे. मुलगी आलेली होती. "आई, प्लीज. उघड ना."

"रुंद आहे, ठाऊक आहे मला," मी म्हटलं आणि मागे जाऊन डबे सरकवले.

कॅसिनो आता पाडलाय. त्या रविवारी त्याच्या मागच्या दारात आम्ही तिघं होतो, हे, मॅनेजर आणि मी. जिवंत मी आहे.