मंदाकाकूंचं थालीपीठ

खालच्या मजल्यावरच्या मंदाकाकू मोबाइलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकतात. काका गेल्यावर भाचीने त्यांना ते शिकवलं. मी प्रत्येक व्हिडिओला न चुकता अंगठा देते आणि शेजारधर्म पाळल्याचं समाधान मिळवते.

परवा त्यांनी थालीपीठ केलं होतं. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "गरम आहे तोवर खायला या हं." आणि कुणी उत्तर देईल अशा अपेक्षेने क्षणभर थांबल्या. तोवर तो व्हिडिओ मला धरून चौघांनी पाहिला होता. नेहमीसारखा अंगठा द्यायला माझं बोट उचललं गेलं, आणि मग मला लाज वाटली.

मी खाली जाऊन बेल वाजवली.

"काकू, थालीपीठ उरलंय?"

त्या गोंधळल्याच. "अगं, ते सकाळचं. गार झालं."

"चालेल मला."

"चालेल काय! बस, ताजं लावते."

भाजणी मळताना त्या बोलत राहिल्या, अगदी भरभरून. रोज दिसणाऱ्या माणसाची भेट झालीच आहे, असं मी किती सहज धरून चालले होते!

तिखटाच्या डब्यात चमचा घालून त्या थांबल्या. "तुला कितपत तिखट चालतं गं?"

आम्ही सहा वर्षांच्या शेजारणी.