राणीबाईंची डावी टाच

फुंकरताईचं खरं नाव नाटकमंडळीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. विंगेत पुस्तक घेऊन उभं राहायचं आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द द्यायचा, हे तिचं काम. शब्द द्यायची तोही असा, की शेजारच्याला वाटावं ताईने चहावर फुंकर मारली. पण दहा पावलांवरच्या नटाला तो बरोब्बर पोचलेला असायचा. म्हणून फुंकरताई. दिवसा ती एका छापखान्यात प्रुफं तपासायची. म्हणजे सकाळी लोकांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी लोकांच्या चुका झाकायच्या. नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "हिच्याशी भांडायची सोय नाही. आपण अडखळलो की पुढची शिवी हीच सुचवते."

उन्हाळा आला की शहरातल्या मोठ्या बागेत दोन महिने नुसती धमाल. तळ्याकाठी गाणी, झाडांखाली चित्रं, कारंज्यापाशी नाच, आणि पार टोकाला, दगडी पायऱ्यांच्या उघड्या नाट्यगृहात नाटक. सगळं फुकट. आता फुकट म्हटल्यावर लोक येणारच, आणि फुकट आलेला माणूस उठून जायलाही मागेपुढे बघत नाही. त्यात प्रयोग साडेपाचला, लख्ख उजेडात. नटाचा घाम दिसतो, मग चूक कशी लपणार?

मंडळीतल्या सगळ्यात जुन्या नटी राणीबाई. आयुष्यभर इतक्या राण्या केल्या की भाजीवालासुद्धा त्यांना राणीबाईच म्हणायचा, आणि त्या त्याच्याशीही सिंहासनावरून बोलल्यासारख्याच बोलायच्या. वय सत्तरीला टेकलं होतं. माणूस मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. यंदाच्या नाटकात राज्य गमावलेली एक म्हातारी राणी स्वतःच्याच महालात परक्यासारखी येते. पहारेकरी विचारतो, "बाई, कुणाचं घर शोधताय?" राणी थांबते. अगदी चार आकडे मोजण्याइतकं. मग म्हणते, "ज्या घराने मला ओळखलं नाही, ते." इथे पायऱ्यांवर बसलेली माणसं हमखास डोळे पुसायची.

नटाचं थांबणं आणि नटाचं विसरणं बाहेरून सारखंच दिसतं. थांबलेल्या नटाला शब्द दिला तर प्रसंगाचा विचका, आणि विसरलेल्याला नाही दिला तर नटाचा. हे ओळखायचं कसं? फुंकरताईकडे त्याचं उत्तर होतं. राणीबाईंचा शब्द हरवला की त्यांची डावी टाच जमिनीवरून किंचित उचलली जायची, पायात खडा टोचल्यासारखी. थांबल्या असतील तर टाच जागेवर. सव्वीस वर्षांत ही खूण एकदाही खोटी ठरली नव्हती. ताईने ती कुणाला सांगितली नव्हती, बाईंना तर नाहीच. सांगितलं असतं तर बाईंचं लक्ष टाचेकडे गेलं असतं, आणि लक्ष गेलं की खूण गेलीच म्हणून समजा. टाच उचलली की ती पुस्तकात त्या वाक्याशेजारी पेन्सिलीने बारीकसा त्रिकोण काढायची, आणि त्यापुढे आकडा: कितव्या मोजणीला शब्द दिला. त्रिकोण, एक. त्रिकोण, एक. फार तर दोन. प्रुफं तपासणारीचा हात तो, कागद कोरा ठेवेल कसा?

चौथ्या प्रयोगाच्या सकाळी तालीम होती. महालाच्या प्रसंगाला राणीबाई थांबल्या. फुंकरताईने पाहिलं, पण नेमका समोरून खुर्ची घेऊन एकजण गेला आणि पाय काही दिसला नाही. तिने आपला शब्द दिला: "ज्या घराने."

राणीबाई गर्रकन वळल्या. "थांबले होते मी! थांबले! विसरले नव्हते! सव्वीस वर्षं विंगेत उभी आहेस, त्या विंगेच्या बांबूलासुद्धा आतापर्यंत नाटक कळलं असतं. एवढं कळत नसेल तर पुस्तक मीट आणि घरी जाऊन भाजी चीर!"

नवी मुलंमुली फिस्कन हसली. दिग्दर्शक वहीत तोंड खुपसून बसला. तो मोठा मुत्सद्दी, बाईंच्या तोंडी कधी लागायचा नाही. फुंकरताईने मान खाली घातली. "चुकलं," म्हणाली. पण आतून नुसता जाळ झाला होता. हजार वेळा हिची लाज मी झाकली, आणि मला बांबू म्हणते! दुपारभर छापखान्यात समोरच्या प्रुफातलं एक अक्षर तिला दिसलं नाही.

संध्याकाळी पायऱ्या खच्चून भरल्या होत्या. प्रसंग आला. पहारेकऱ्याने विचारलं, "बाई, कुणाचं घर शोधताय?" राणीबाई थांबल्या. एक, दोन, तीन, चार.

आणि डावी टाच उचलली गेली.

फुंकरताईने ती पाहिली. हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढे ती स्वतःलाही वेगळंच काहीतरी सांगत राहिली. टाच तिने स्वच्छ पाहिली. शब्द ओठांवर आला होता, आणि तिने ओठ मिटून घेतले. मनात म्हणाली, थांबलीयेस ना? मग थांब. आणि ती पुन्हा एकपासून मोजू लागली. दोन, तीन. राणीबाईंचे डोळे विंगेकडे वळले. चार, पाच. पहारेकऱ्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. सहा, सात. पायऱ्यांवर कुणीतरी खोकलं. आठ. एक लहान मूल मोठ्याने म्हणालं, "आजी विसरली!" आणि हशा पिकला.

नऊला फुंकरताईने शब्द दिला. पण तोवर राणीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. शब्द कानावर आला तरी तो कुठे बसवायचा हेच त्यांना सुचेना. "घर... ते घर..." असं काहीतरी पुटपुटत त्या उलट्या बाजूने निघून गेल्या. पहारेकऱ्याने कसाबसा प्रसंग गुंडाळला. आणि विंगेत, त्या सगळ्या गोंधळात, फुंकरताईच्या हाताने आपलं रोजचं काम केलं. त्रिकोण काढला. पुढे लिहिलं: नऊ.

लिहिलेलं वाचलं आणि तिने पुस्तक फटकन मिटलं.

प्रयोग संपल्यावर राणीबाई कपडेपटाच्या पेटीवर बसल्या होत्या, मुकुट मांडीवर. ताईला वाटलं, आता आग ओकतील. ओकल्या असत्या तर किती बरं झालं असतं! पण त्या हळूच म्हणाल्या, "अगं, तू शब्द दिला असशीलच गं. मलाच ऐकू आला नाही. कान गेले माझे."

हीच वेळ होती बोलायची. फुंकरताई मूग गिळून उभी राहिली.

बाईंनी दिग्दर्शकाला सांगितलं की पुढचे प्रयोग दुसरी कुणी करेल, बहिरी राणी कुणाला हवी? घरी ताईने नवऱ्यापुढे गोष्ट मांडली, पण हातचं राखून. "मला वाटलं त्या थांबल्यात. सकाळीच ओरडल्या होत्या ना." नवरा म्हणाला, "मग तुझा काय दोष? त्यांनीच तोंड सोडलं होतं." किती पटकन पटलं त्याला! आणि किती पटकन तिनेही ते उचललं! करून सवरून नामानिराळी. पण जेवताना घास काही उतरेना. डोळ्यांसमोर ती टाच.

तीन दिवसांनी राणीबाईंचा फोन. "कानाच्या डॉक्टरकडे येतेस का बरोबर? तो काय म्हणेल ते मला ऐकू आलं नाही तर तू सांगशील." एवढं बोलून त्या हसल्या. फुंकरताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गेली.

डॉक्टरने बाईंना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. फुंकरताई बाहेरून बघत होती. त्यांचा अंगठा सारखा हलत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तिला बटणाची प्रत्येक टकटक आपल्या नावाने वाजल्यासारखी वाटली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, "आजी, तिशीतल्या माणसाचे असावेत असे कान आहेत तुमचे. यंत्रबिंत्र काही नको."

फुंकरताईला वाटलं, सुटले. बाई खूश होतील, पुन्हा उभ्या राहतील. पण दवाखान्याबाहेरच्या बाकावर राणीबाई मटकन बसल्या. बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

"कान नाहीत, म्हणजे डोकं," त्या म्हणाल्या. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी शब्द गेले, मग माणसं. शेवटी मला विचारायची, बाई, तुम्ही कुणाच्या?" आणि त्या बाकावर ती एवढी तोऱ्यातली बाई मुसमुसून रडायला लागली.

आता मात्र फुंकरताईला राहवेना. "राणीबाई, डोकं नाही हो गेलं. मी शब्दच दिला नव्हता वेळेवर."

"काय?"

खरं इतकंच जिभेवर आलं आणि तिथे पुन्हा अंगातली भीती आडवी आली. "मला... मला वाटलं तुम्ही थांबलाय. सकाळी तुम्ही रागावला होतात, म्हणून."

राणीबाईंनी पदराने नाक पुसलं. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला, आणि मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. "म्हणजे माझ्याच जिभेने घात केला! अगं, तुला बांबू म्हणाले मी! तू बिचारी घाबरलीस!" त्यांनी ताईचा हात दोन्ही हातांत घेतला. ताईला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. ज्याची चूक त्यानेच माफी घ्यायची, ही कुठली रीत? पण हात काही तिने सोडवून घेतला नाही.

शेवटच्या प्रयोगाच्या दिवशी राणीबाई आल्या. सगळी मंडळी कपडेपटात जमलेली असताना त्या मधोमध उभ्या राहिल्या. ज्यांना जन्मात कुणापुढे वाकणं ठाऊक नव्हतं, त्या म्हणाल्या, "सगळ्यांसमोर हिचा अपमान केला होता, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. चूक माझी होती. ताई, मला माफ कर."

टाळ्या पडल्या. दिग्दर्शकाने वहीतून तोंड वर काढून डोळे टिपले. फुंकरताई आपली हसतेय की रडतेय अशा तोंडाने उभी.

"आणि आता असं करू," राणीबाई म्हणाल्या, "तुझं पुस्तक दे मला थोड्या वेळाने. मी कुठे कुठे थांबते ते माझ्या हाताने लिहून देते. पुन्हा घोटाळा नको."

पुस्तक! फुंकरताई ते घेऊन पडद्यामागच्या पायरीवर जाऊन बसली. ते पान उघडलं. त्रिकोण, नऊ. पिशवीत खोडरबर होतं. प्रुफं तपासणारीच्या पिशवीत ते नसून कसं चालेल? दोनदा घासलं की संपलं. बाईंना कळणार नाही, कुणालाच कळणार नाही, टाळ्याही राहतील आणि ती माफीही. तिने खोडरबर कागदावर टेकवलं.  त्या बाकावरचा बाईंचा हात आठवला, ऊबदार, जरासा ओला. एवढा खोटेपणा करून वर शिरजोर व्हायचं? तिला स्वतःची इतकी किळस आली की खोडरबर तिने गवतात भिरकावून दिलं. उठली, आणि पुस्तक त्याच पानावर उघडं ठेवून राणीबाईंच्या हातात दिलं.

राणीबाईंनी चष्मा लावला. "हे त्रिकोण कसले गं?"

"तुमची डावी टाच," फुंकरताई म्हणाली. "शब्द हरवला की उचलली जाते, सव्वीस वर्षं बघतेय. त्रिकोण म्हणजे टाच उचललेली मी पाहिली. पुढचा आकडा म्हणजे किती मोजून शब्द दिला."

राणीबाईंनी नकळत आपल्या पायाकडे पाहिलं. मग मागची पानं उलटली. "एक. एक. दोन. एक. एक." त्या मोठ्याने वाचत होत्या, आणि वाचता वाचता त्यांच्या डोळ्यांत कौतुक दाटत गेलं. "इतकी वर्षं? आणि मला पत्ताच नाही!" मग पुन्हा त्या पानावर आल्या. बोट त्रिकोणावर टेकलं, पुढे सरकलं, आणि थांबलं.



फुंकरताईने सवयीने त्यांच्या पायाकडे पाहिलं. टाच जमिनीवर टेकलेली होती. म्हणजे शब्द हरवला नव्हता. बाई थांबल्या होत्या. आणि सवयीनेच ती मोजू लागली. चार झाले, पाच झाले. तिला वाटलं, शिव्या द्या, थोबाडीत मारा, पण बोला. सात झाले. आठ. नऊ म्हणजे किती असतात, ते तिला तेव्हा कळलं.

राणीबाईंनी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. लिहिलं काहीच नाही. "साडेपाचला प्रयोग आहे," त्या म्हणाल्या. "जागेवर उभी राहा." आणि मुकुट घ्यायला निघून गेल्या.

त्या संध्याकाळी राणीबाईंचं काम असं झालं की पायऱ्यांवरचे लोक उठून उभे राहिले. महालाच्या प्रसंगाला पहारेकऱ्याने विचारलं, "बाई, कुणाचं घर शोधताय?" बाई थांबल्या. एक, दोन, तीन, चार. पाच. सहा. फुंकरताईने श्वास रोखून खाली पाहिलं. डावी टाच जमिनीवर गच्च दाबलेली होती, इतकी की पोटरीची शीर ताठली होती. विंगेकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मग त्या बोलल्या, "ज्या घराने मला ओळखलं नाही, ते."

फुंकरताई पेन्सिल हातात धरून उभी होती. त्या विसरल्या होत्या की थांबल्या होत्या, ते तिला कळलं नाही, आणि आता कधीच कळणार नव्हतं. समासात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तिने ती जागा कोरीच सोडली.