मनगट

आमचा बाजाराचा रस्ता सुरक्षित कसा करावा, यावर लोकांच्या सूचना ऐकायला महापालिकेने सभा घेतली. मी तावातावाने म्हणालो, "सिग्नल याच महिन्यात हवा." टाळ्याही मिळाल्या.

बाहेर आल्यावर मात्र हाच वक्ता फुटपाथवर खिळला. बायकोने माझं मनगट धरलं, दुसरा तळवा रिक्षांना दाखवला आणि म्हणाली, "चला, इकडेतिकडे बघू नका."

चारचौघांत हात धरायला लाजणारी ही बाई, इतक्या वर्षांच्या संसारात फक्त याच रस्त्यावर माझा हात धरत आली आहे. शहरातल्या किती जोडप्यांना ही रहदारीच जवळ आणत असेल, कोण जाणे.

पलीकडे पोचताच तिने हात सोडला. "सिग्नल बसेल का हो लवकर?"

"बसेल की," मी म्हणालो. "पण कोथिंबीर घ्यायची राहिली ना त्या बाजूला?"